येन्सनसाहेबांच्या दोन खुर्च्या

१. गप्प बसलेली खुर्ची

कार्ल्याला एकवीरेच्या पालखीसाठी गेलेलं तांडेलांचं घर दुसऱ्या दिवशी दुपारी कोपरला परतलं. भिवाजी तांडेल पडवीत आला, डोक्याचा रुमाल खुंटीला अडकवला, चपला कोपऱ्यात सरकवल्या आणि आपल्या खुर्चीत बसला. बसला आणि लगेच उठला.

"ही माझी खुर्ची नाय," तो म्हणाला.

त्याची बायको भागीरथी गाठोडं सोडत होती. तिने मान वर करून पाहिलं. खुर्ची नेहमीच्या जागी, खाडीकडे तोंड करून होती. फिकट रंगाचं जाड लाकूड, पाठीला आणि बैठकीला ताणून बसवलेलं तपकिरी चामडं, ते आवळायला पितळेची बक्कलं, आणि चहाची बशी आरामात मावेल एवढे रुंद सपाट हात. अख्ख्या कोपरमध्ये अशी खुर्ची दुसरी नव्हती.

"अवं, हीच तर हाय," भागीरथी म्हणाली.

"माझी खुर्ची बसल्यावर एकदा कण्हते. ही गप्प राहिली."

मोरू, त्यांचा मुलगा, हसला. स्टेशनजवळ त्याचा टेलिफोनचा बूथ होता. "बाबा, परवाच उत्तमकाकाने नवीन चामडं घालून दिलंय. आवाज गेला तर चांगलंच ना?"

"आवाज चामड्याचा नव्हता. लाकडाचा होता."

"तुम्हाला मोतीबिंदू झालाय. नीट दिसत नाही."

"बसायला डोळे लागत नाय, मोरू."

मोरूने समजूत काढण्यासाठी खुर्ची उचलून उजेडात आणायचं ठरवलं. त्याने नेहमीच्या सवयीने जोर लावला, तशी खुर्ची एकदम वर आली आणि तो मागे कोलमडला. आधी ती नुसती सरकवायची तरी त्याचा दम निघायचा. मोरूचं हसू मावळलं.

शेजारच्या ओट्यावर आवडाबाई बसली होती. गुडघ्यांमुळे ती यंदा जत्रेला गेली नव्हती. हा सगळा प्रकार बघून ती म्हणाली, "काल तुमी नव्हते तवा टेंपो आलता. दोन माणसं होती. पडवीत काय ते खाटखूट केलं, न् गोणपाटात बांधून काय तरी घेऊन गेली."

"आणि तू काय विचारलं नाय, मावशी?" मोरू ओरडला.

"विचारलं ना. म्हणाली, उत्तमशेठनी पाठवलंय, पट्टा आवळायचा राहिलाय."

२. चामडं माझं, लाकूड नाही

ही खुर्ची कोपरला कशी आली, ते आधी सांगायला हवं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पंप बनवणारा एक कारखाना होता. तिथे डेन्मार्कहून येन्सन नावाचे इंजिनिअर आले आणि काही वर्षं राहिले. येताना त्यांनी आपल्या देशातल्या दोन खुर्च्या बोटीने आणल्या होत्या. परत जाताना एक त्यांनी भांडारप्रमुख महिपतराव दळवींना दिली आणि दुसरी फिटर भिवाजी तांडेलला. पुढे कारखाना बंद पडला. महिपतरावांनी ठाण्यात घर घेतलं, भिवाजी कोपरला जाळी विणत बसला, आणि तिथेच पॅकिंगच्या पेट्या बनवणाऱ्या उत्तमने कल्याणला खुर्च्या-कोच दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं.

भिवाजी कारखान्यात दर खंडेनवमीला आपल्या मशिनची पूजा करत असे. मशीन गेलं. तेव्हापासून तो खुर्चीची पूजा करू लागला. तिच्यात बसूनच तो जाळी विणतो, म्हणजे तीच त्याचं हत्यार, असं त्याचं म्हणणं. वरून झेंडूचा हार, आणि डाव्या हाताच्या खालच्या बाजूला, कपड्यांना लागू नये म्हणून, ओल्या हळदीची बोटं.

निरोप मिळाल्यावर उत्तम संध्याकाळी कल्याणहून आला. त्याने खुर्चीभोवती एक फेरी मारली, खाली वाकला, लाकडावर नख ओढून बघितलं.

"भिवादा, चामडं माझंच आहे," तो म्हणाला. "टाके माझे, बक्कलं तुझी जुनीच. पण लाकूड हे नव्हे. तुझं विलायती ओकचं होतं, त्याच्या रेषा बोटाला लागायच्या. हे आपलं शिवणीचं आहे. वरून रंग दिलाय."

"चामडं तुझं," मोरू सावकाश म्हणाला, "म्हणजे ते या लाकडावर चढवलं तुझ्याच दुकानात. टेंपोवाले नाव घेतात तुझं. आणि लाकूड बदललंय हे आम्हाला शिकवायला येतोस पण तूच. भारी आहे, काका!"

"मोरू, मी तुला खांद्यावर घेऊन फिरलेला माणूस आहे रे."

"म्हणून तर पोलिसात गेलो नाही अजून. हनुमान जयंतीपर्यंत खुर्ची परत आण. नाहीतर तक्रार करतो."

उत्तमने भिवाजीकडे पाहिलं. भिवाजी खाडीकडे बघत होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. उत्तम चपला घालून निघून गेला.

दोन दिवसांत ही गोष्ट कल्याणच्या बाजारात पोचली. ज्यांचे कोच उत्तमकडे दुरुस्तीला होते त्यांनी ते तसेच अर्धवट उचलून नेले. दुकानाचा मालक म्हणाला, पोलीस दारात आले तर गाळा खाली कर. पन्नाशीच्या माणसाने पुन्हा कुठे उभं राहायचं?

भिवाजीला हे कळलं तेव्हा तो उठला आणि डोंबिवली पश्चिमेला मंजुळाबाई चौबळांच्या घरी गेला. मंजुळाबाई नगरपालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मोरू त्यांचा विद्यार्थी.

"बाई," भिवाजी दारातूनच म्हणाला, "मोरूला तुम्ही गणित-विज्ञान शिकवलंत. थोडं ऱ्हायलंय वाटतं. तेवढं शिकवून टाका."

३. पडवीतला धडा

मंजुळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलल्या नाहीत. वर्गातही त्यांची हीच पद्धत होती. मुलाचं चुकीचं उत्तरसुद्धा त्या शेवटपर्यंत ऐकत, कारण चूक नक्की कुठे झाली ते त्यातूनच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोपरला आल्या. मागच्या दारी भागीरथी जत्रेचे कपडे धूत होती. मोरूचा पांढरा सदरा देवीच्या हळदीने माखला होता आणि साबणाच्या फेसात ती हळद लालभडक झाली होती.

"रक्त सांडल्यासारखं दिसतंय," मंजुळाबाई म्हणाल्या.

"नाचताना भान नसतं ना," भागीरथी म्हणाली. "आता निघता निघत नाय. उन्हात टाकते, मग जाईल."

पडवीत बाईंनी खुर्ची नीट पाहिली. मग एक बक्कल सोडलं, दुसरं सोडलं, आणि बघता बघता सगळं चामडं हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"मोरू, हे मी दुकानात केलं का?"

"नाही, बाई."

"हत्यार वापरलं?"

"नाही."

"मग या सांगाड्यावर उत्तमचं चामडं आहे, एवढ्यावरून ते उत्तमच्या दुकानातच चढवलं असं सिद्ध होतं का?"

मोरूने डोकं खाजवलं. आठवीतही तो असंच डोकं खाजवायचा.

"आता दुसरं. खुर्ची उत्तमकडे आठवडाभर होती. त्याला बदलायचीच असती तर त्याने खोटी खुर्ची परत पाठवली असती आणि खरी ठेवून घेतली असती. आधी खरी आणून द्यायची आणि मग भर दिवसा शेजारणीला आपलं नाव सांगून ती न्यायची, असं कोण करील?"

"पण खरी परत आलेली, हे कशावरून? बाबा तेव्हा देवळात होते, निघेपर्यंत बसायला सवडच झाली नाही. आईने नुसती ठेवून घेतली."

"शाबास. हा प्रश्न बरोबर आहे. खरीच परत आली, हे अजून सिद्ध झालेलं नाही." बाईंना मनापासून आनंद झाला. त्यांनी खुर्ची आडवी केली. डाव्या हाताच्या खाली ओळीने हळदीची बोटं उमटलेली होती. स्वच्छ, पिवळी, पाचही.

"ही तुमची, भिवाजी?"

"माझीच असनार. माझ्याबिगर कोण लावतो?" भिवाजीने डोळे बारीक केले. "मना तेवढं दिसत नाय, बाई."

भागीरथीने चहा आणला. भिवाजीने बशी उजव्या हाताने धरली. त्याचं मधलं बोट अर्धंच होतं. कारखान्यातल्या दाबयंत्राने वरचं पेर नेलं होतं. तेव्हा येन्सनसाहेब स्वतःच्या गाडीतून त्याला इस्पितळात घेऊन गेले होते.

मंजुळाबाई त्या बशीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"खुर्ची कोण पुसतं?" त्यांनी विचारलं.

"मीच. दर शनवारी, साबनाच्या पान्याने," भागीरथी म्हणाली. "खाली वाकून कोन बघतो? हात फिरवते झालं."

"आणि चामडं बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"महिपतरावांच्या," भिवाजी म्हणाला. "दर दसऱ्याला सोनं द्यायला येतात. वर्षातून तेवढंच येणं. यंदा म्हणाले, चामडं फाटायला आलंय, उत्तमकडनं घालून घे, आपला मानूस आहे. मी म्हटलं, जत्रेच्या आधी घेतो करून. जत्रेला घरात कोन नसतं."

४. जोडीचा प्रश्न

उत्तमचं दुकान कल्याणच्या एका बोळात होतं. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसे. आज मधोमध एक स्टूल आणि त्यावर उत्तम, एवढंच होतं.

"बसा बाई," तो उठून म्हणाला. "आता जागाच जागा आहे."

बाई बसल्या. "एकच विचारायचंय. नीट आठवून सांगा. त्या खुर्चीच्या हाताखाली काही खूण होती?"

"होती ना. भिवादाची हळदीची बोटं. आता हळद कसली, विटकरी रंग झालेला. मी सगळं लाकूड सोड्याच्या पाण्याने धुतलं, पण ते घासून काढलं नाही. म्हटलं, देवाचं आहे, राहू दे. चार बोटं. दोन इकडे, दोन तिकडे आणि मधे जागा."

"मधे जागा?"

"अर्धं बोट टेकणार कसं?" उत्तम म्हणाला. मग त्याने विचारलं, "भिवादा काय म्हणतो, बाई? त्याला पण वाटतं का, मी घेतली?"

"त्यानेच मला पाठवलंय."

उत्तमने उपरण्याने तोंड पुसलं. घाम आला होता की काय, कोण जाणे.

तिथून बाई ठाण्याला रतनशेठच्या गोदामात गेल्या. जुनं लाकूडसामान घेऊन मुंबईच्या मोठ्या लोकांना विकणं हा रतनशेठचा धंदा. माघ महिन्यात तो कोपरला खुर्ची बघायला येऊन गेला होता, हे भागीरथीने सांगितलं होतं.

"हां, बघितली ना! एक नंबर चीज," रतनशेठ म्हणाला. "उलटी करून बघितली. असल्या खुर्चीला खाली कंपनीचा छाप असतो. छाप होता. बाजूला कसले तरी चार तपकिरी डाग पण होते. मी म्हटलं, म्हातारा विडा खाऊन हात पुसतो काय!"

"मग घेतली का नाही?"

"म्हातारा विकायला तयार नाही. त्याचा पोरगा नंतर येऊन गेला, चोरून. मीच नको म्हटलं."

"का?"

"बाई, एकटी खुर्ची म्हणजे एका पायातली चप्पल. माझ्या गिऱ्हाइकाला जोडी पाहिजे. जोडी असली तर बोला, पाहिजे तेवढे मोजतो. लाकूड अस्सल पाहिजे, बस. चामडं काय, नवीन घालता येतं."

"आणि जोडी मिळाली नाही?"

रतनशेठने आनंदाने मांडीवर थाप मारली. "मिळाली ना! इथेच ठाण्यात. हनुमान जयंतीला बघायला बोलावलंय."

५. स्वच्छ माणूस

महिपतराव दळवींनी बाईंचं स्वागत फार अदबीने केलं. सुनेने कैरीचं पन्हं आणून ठेवलं. दिवाणखान्यात येन्सनसाहेबांची खुर्ची होती. कातडं जुनं होतं, पण लाकूड चकचकीत. महिपतराव स्वतःही तसेच होते. परीटघडीचा सदरा, आणि बाहीची घडी उस्तऱ्यासारखी.

"फार वाईट वाटलं ऐकून," ते म्हणाले. "उत्तमकडे मीच पाठवलं. असा निघेल असं वाटलं नव्हतं. पण गरजू माणूस, मोह होतो."

"तुम्ही भिवाजीची खुर्ची नेहमी बघता?"

"दर दसऱ्याला. सोनं द्यायला जातो ना. तो काय पूजा करतो तिची! झेंडूचा हार, हाताखाली पिवळीधमक पाच बोटं हळदीची. मला वाकायला लावून दाखवतो." महिपतराव हसले. "साध्या माणसांची श्रद्धा. मी माझ्या खुर्चीला असलं काही लावू देत नाही. हळद नाही, कुंकू नाही. साहेबांच्या हातून आली तशी आहे."

"साहेबांनी तुम्हा दोघांना सारखीच भेट दिली," बाई म्हणाल्या. "छान केलं."

महिपतरावांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "छान केलं, हो. फिटरला आणि भांडारप्रमुखाला एका मापाने मोजलं. परदेशी लोकांना आपल्याकडचं काही कळत नाही. साहेब म्हणाले होते, या खुर्च्या सख्ख्या बहिणी आहेत, एका झाडाच्या. अशी जोड फोडून एक मासे वाळवायच्या पडवीत पाठवायची, याला काय म्हणायचं?"

हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला. मग ते पुन्हा हसले आणि बाईंना दारापर्यंत सोडायला आले.

परतीच्या वाटेवर मंजुळाबाईंना जे माहीत होतं ते सगळं वाचकांनाही आता माहीत आहे. चोरी कुणी केली याचा अंदाज बहुतेकांना आला असेल. पण अंदाज आणि पुरावा यांत फरक असतो, आणि मोरूला पुरावा हवा होता. हनुमान जयंती दुसऱ्या दिवशी होती.

६. लिंबाची फोड

हनुमान जयंतीला सकाळी रतनशेठ महिपतरावांच्या दिवाणखान्यात दोन खुर्च्यांसमोर उभा होता. एक नेहमीची. दुसरीला चामडं नव्हतं, नुसता सांगाडा. तेवढ्यात बेल वाजली. दारात मंजुळाबाई होत्या. त्यांच्या मागे भिवाजी, मोरू आणि सगळ्यांत मागे उत्तम.

"आम्ही सणाचं भेटायला आलो," बाई म्हणाल्या. "अरे वा, बहीण मिळाली वाटतं खुर्चीला?"

महिपतरावांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, पण लगेच सावरला. "पुण्याला येन्सनसाहेबांचे एक मित्र होते. त्यांच्या घरून घेतली. कातडं नवं घालायला दिलंय."

"माझी आहे," भिवाजी म्हणाला.

"कशावरून?" महिपतराव शांतपणे म्हणाले. "सगळ्या सारख्याच असतात."

भिवाजीने खुर्चीवर हात ठेवला. कण्हण्याचा पुरावा कोण मानणार? उत्तम म्हणाला, "लाकूड ओकचं आहे, पण ते दोन्ही खुर्च्यांना असणार." मोरूने बाईंकडे पाहिलं.

"महिपतराव," बाई म्हणाल्या, "या पुण्याच्या खुर्चीला तिथे कुणी हळद लावत होतं का हो?"

"छे! ते ख्रिस्ती कुटुंब होतं. आणि माझ्याकडे आल्यावर तर प्रश्नच नाही."

"मोरू, खुर्ची आडवी कर."

मोरूने जोर लावला. ही खुर्ची जड होती. डाव्या हाताखाली लाकडाच्या रेषांत एक तांबूस पसरट डाग होता, कुणीतरी खूप घासल्यासारखा.

"पॉलिशचा डाग आहे तो," महिपतराव म्हणाले. "मी स्वतः साबण लावून घासला. जितका घासावा तितका लाल होतो."

"होणारच," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक लिंबू आणि चाकू काढला. फोड कापली आणि त्या डागावर हलक्या हाताने फिरवली.

रस लाकडात मुरला, तसा तांबूस रंग हळूहळू उतरू लागला आणि त्याच्या जागी पिवळा दिसू लागला. साबणाने फासलेला पसरट भाग फिकाच राहिला. पण जिथे वर्षानुवर्षं बोटं टेकली होती, तिथे हळद खोल गेली होती. एक बोट. दुसरं. मग मोकळी जागा. मग तिसरं आणि चौथं.

मोरूने बापाचा उजवा हात धरला आणि त्या डागांशी नेला. दोन बोटं दोन डागांवर बसली, पलीकडची दोन पुढच्या दोन डागांवर. मधलं अर्धं बोट हवेत राहिलं, बरोबर मोकळ्या जागेवर.

"हळदीला साबण, सोडा, चुना लागला की ती लाल होते," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा, कुणावर न रागावलेला होता. "आंबट लागलं की पुन्हा पिवळी. भागीरथी दर शनिवारी खुर्ची साबणाने पुसते, उत्तमने सोड्याने धुतली. म्हणून खरी बोटं विटकरी होती. उत्तमने तशीच पाहिली, रतनशेठनी तशीच पाहिली. कोपरच्या खोट्या खुर्चीवर मात्र ती पिवळी आहेत. म्हणजे ती उमटवणाऱ्याने खरी बोटं फक्त दसऱ्याला, ताजी असतानाच पाहिली होती. आणि खोट्या खुर्चीवर ती पाच आहेत. आपल्याकडे हळदीची बोटं पाचच लावतात, त्यामुळे दसऱ्याला समोर बघूनही तुम्ही ती मोजली नाहीत. चार दिसली असतील, पण डोक्यात पाचच राहिली."

महिपतराव खुर्चीकडे बघत होते.

"रतनशेठला जोडी हवी होती," बाई पुढे म्हणाल्या. "मोरूने चोरली असती तरी एकटी कुणी घेतली नसती. जोडी फक्त एकाच माणसाकडे होऊ शकत होती. नमुना म्हणून समोर ठेवायला दुसरी खुर्चीही त्याच्याचकडे होती. खोटी कुठे बनवून घेतलीत?"

"आंबिवलीला," महिपतराव पुटपुटले. मग एकदम म्हणाले, "पण तो डाग... साबणाने लाल होतो, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मोरूचा सदरा बघून. ज्याने जन्मात स्वतःचा सदरा कधी धुतला नाही, त्याला ते कळायचं नाही."

रतनशेठने टोपी डोक्यावर ठेवली. "मी निघतो," तो म्हणाला. "मला जोडी पाहिजे होती, भानगड नको होती."

मोरू पुढे झाला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. "आता पोलीस यांच्याकडेच."

"थांब," भिवाजी म्हणाला. इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदाच निर्णय दिला. "पोलीस नको. महिपतराव, तुम्ही कल्याणला चला. उत्तमच्या दुकानासमोर, बाजार भरलेला असताना उभं ऱ्हायचं. ज्यांनी ज्यांनी कोच परत नेले त्यांच्या देखत सांगायचं, खुर्ची कोणी घेतली न् नाव कोनाचं लावलं. मोठ्यानं. मालकालाही बोलवू."

"भिवाजी, त्यापेक्षा पोलीस बरे रे."

"म्हणून तर म्हटलं," भिवाजी म्हणाला.

७. मधलं बोट

महिपतराव कल्याणला गेले. मोठ्याने बोलायला त्यांना दोनदा सांगावं लागलं, पण बोलले. कोच हळूहळू परत आले, आधी एक, मग दोन. मोरूने ते स्वतः हातगाडीवर घालून आणून दिले आणि उत्तमकाकाच्या पायाला हात लावला. उत्तम म्हणाला, "खांद्यावर बसवलं होतं तेव्हाही तू लाथाच मारायचास."

खुर्ची कोपरच्या पडवीत आली. उत्तमने चामडं पुन्हा चढवलं. भिवाजी बसला. खुर्ची एकदा कण्हली.

"सांधा ढिला आहे, भिवादा," उत्तम म्हणाला. "खुंटी ठोकली की आवाज जाईल."

"हात लावशील तर बघ," भिवाजी म्हणाला.

त्या वर्षी खंडेनवमीला भिवाजीने उत्तमला मुद्दाम बोलावून घेतलं. मंजुळाबाईही आल्या होत्या. हार घालून झाला. खुर्ची आडवी केली. भिवाजीने ओल्या हळदीत हात बुडवला आणि हाताखालच्या जुन्या खुणांवर नेमका टेकवला. दोन बोटं इकडे, दोन तिकडे.

मग त्याने हळदीची वाटी उत्तमपुढे सरकवली.

"मधलं तू लाव," तो म्हणाला. "त्या दिवशी तुझी बाजू घ्यायला पायजे होती मी. खाडीकडे बघत बसलो."

उत्तमने बोट बुडवलं आणि मोकळ्या जागेत टेकवलं.

पुढच्या शनिवारी भागीरथीने खुर्ची साबणाच्या पाण्याने पुसली. पाचही बोटं सारखीच विटकरी झाली, आणि आता त्यांतलं कुठलं कुणाचं ते लिंबू लावूनसुद्धा कुणाला सांगता आलं नसतं.